काजूचं बोंडू, लोता आणि हरवण्याची कविता: 'फ्लोरेस रारास' कसा पाहावा

१९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप एका मालवाहू बोटीतून ब्राझीलच्या सांतुस बंदरात उतरली. वय ४०. हाताशी ब्रिन मॉर कॉलेजची २,५०० डॉलरची प्रवासवृत्ती. दक्षिण अमेरिकेला वळसा घालायचा, वाटेत रिओला ओळखीच्यांकडे थोडे दिवस थांबायचं, एवढाच बेत होता. रिओत तिने काजूचं बोंडू खाल्लं आणि तिचं तोंड, हात, डोळे सगळं सुजलं. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे ज्यांना कधी बिब्बा उतला आहे त्यांना तिची अवस्था वेगळी सांगायला नको. ती अंथरुणाला खिळली, लोता दे मासेदो सोआरेस या यजमानीणबाईंनी तिची शुश्रूषा केली, बोट निघून गेली. बिशप पुढे जवळपास पंधरा वर्षं लोताबरोबर राहिली.

या गोष्टीवर ब्रूनो बारेतो यांनी २०१३ मध्ये 'फ्लोरेस रारास' हा चित्रपट केला. बिशप झाली आहे मिरांडा ओटो, लोता झाली आहे ग्लोरिया पिरेस. ग्लोरिया पिरेसचं काम बघताना नजर हलत नाही, हे आधीच सांगून टाकते.

हा चित्रपट मी पहिल्यांदा सहा जणींना घरी बोलावून दाखवला, तोही कसलीच तयारी न करता. संपल्यावर माझी मावशी म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण ही बाई कविता लिहिते कधी?" प्रश्न रास्त होता. कवीच्या आयुष्यावरचा चित्रपट प्रेम दाखवू शकतो, भांडण दाखवू शकतो, दारूचा ग्लास दाखवू शकतो. एक शब्द खोडून दुसरा लिहायला लागलेली तीन वर्षं तो दाखवू शकत नाही. तेवढी बाजू बघणाऱ्याने आपल्या घरून न्यावी लागते. दुसऱ्यांदा आम्ही तशी नेली आणि चित्रपट वेगळाच दिसला. ती पद्धत इथे क्रमाने देते. एकटीने बघायचा असला तरी चालते, चार-सहा जणांत जास्त रंगते.

पहिली पायरी: चित्रपट बरोबर शोधा

ही पायरी फालतू वाटेल, पण आमची एक मैत्रीण याच पायरीवर घसरली. इंग्रजीत हा चित्रपट 'रीचिंग फॉर द मून' या नावाने आला. याच नावाचा डग्लस फेअरबँक्सचा १९३० सालचाही एक चित्रपट आहे, आणि तिने अर्धा तास तो पाहिला. कवयित्री कधी येते याची वाट बघत बसली होती बिचारी. तेव्हा शोधताना पोर्तुगीज नाव, दिग्दर्शकाचं नाव आणि २०१३ हे साल तिन्ही एकत्र टाका.

संवाद इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत आहेत. काही प्रतींत उपशीर्षकं फक्त पोर्तुगीज भागापुरती असतात. बरोबरच्यांना अमेरिकन उच्चार पकडायला जड जात असेल तर पूर्ण इंग्रजी उपशीर्षकं असलेली प्रत घ्या, आणि माणसं जमायच्या आधी पाच मिनिटं लावून बघा.

लोकांना बोलावतानाच सांगून ठेवा की ही दोन स्त्रियांची प्रेमकथा आहे, यात व्यसन आहे आणि शेवटी आत्महत्या आहे. आमच्यापैकी एकीच्या घरी नुकताच तसा प्रसंग घडून गेला होता. मी आधी सांगितलं असतं तर ती त्या दिवशी आली नसती.

दुसरी पायरी: आधी तीन कविता, याच क्रमाने

बिशपने हयातीत जेमतेम शंभरएक कविता छापल्या, त्यामुळे 'कुठून सुरू करू' हा प्रश्न तसा येत नाही. तरीही चित्रपटाआधी तीनच वाचा. मोठ्याने वाचा आणि एकीला अर्धा तास द्या.

पहिली 'अरायव्हल ॲट सांतोस'. बंदरातला पहिला तास: बेताचे डोंगर, फिकट रंगाची गोदामं, जकातीची काळजी, बोटीवरच्या एका सहप्रवासी बाईची फजिती. स्वतःवरच हसणारी, जरा तुसडी प्रवासी इथे दिसते. शेवटच्या ओळीत ती म्हणते की आम्ही आता आतल्या मुलखाकडे निघालो आहोत. 'आतला मुलूख' म्हणजे नेमकं काय, ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. कवितेखाली जानेवारी १९५२ अशी नोंद आहे. बोंडूची सूज तोवर उतरली असावी.

दुसरी 'द शॅम्पू'. अठरा ओळी. लोताच्या काळ्याभोर केसांत पांढऱ्या बटा येऊ लागल्या होत्या, आणि बिशप तिचे केस धुऊन देते, एवढाच प्रसंग. खडकांवर वर्षानुवर्षं पसरत जाणारी दगडफुलाची वर्तुळं, चंद्राभोवतीचं खळं आणि केस धुवायचं पोचे आलेलं पत्र्याचं भांडं, या तिन्ही गोलांतून काळ कसा संथ आणि कसा घाईत जातो ते ती सांगते. 'न्यूयॉर्कर'ने ही कविता परत पाठवली. त्या साप्ताहिकाचा आणि बिशपचा पहिल्या वाचनाचा करार होता, म्हणजे नवी कविता आधी त्यांनाच दाखवायची, तरीही. शेवटी ती १९५५ मध्ये 'न्यू रिपब्लिक'मध्ये आली.

तिसरी 'वन आर्ट', आणि इथे अर्धा तास पुरणार नाही. ही व्हिलानेल आहे: १९ ओळी, तीन-तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचं एक. पहिल्या कडव्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या ओळी आळीपाळीने परत येतात, आपल्या अभंगातल्या ध्रुपदासारख्या, फक्त इथे ध्रुपदं दोन. यमकं अख्ख्या कवितेत दोनच. पेन्सिल घ्या आणि हरवलेल्या वस्तूंखाली रेघा ओढा. किल्ल्या, वाया गेलेला एक तास, गावांची आणि माणसांची नावं, आईचं घड्याळ, तीन घरं, दोन शहरं, दोन नद्या, एक खंड, आणि सर्वात शेवटी 'तू'. हरवण्याची कला अवघड नाही, असं ती दर वेळी म्हणते आणि दर वेळी ते आपल्याला कमी पटत जातं. शेवटच्या ओळीत कंसातला एक हुकूम आहे, स्वतःलाच दिलेला: लिही! तो वाचताना आवाज चढवावा की दाबावा, यावर आमच्यात बरंच वाजलं. दोन्हीकडून वाचून बघा.

तिसरी पायरी: एका पानाचं टिपण

तारखांची जंत्री करत बसू नका. एका पानावर मोजक्या नोंदी आणि शेजारी रिकामा रकाना पुरे. त्या रकान्यात चित्रपट काय म्हणतो ते बघता बघता लिहायचं. माझ्या पानावर हे होतं:

१९११: जन्म, मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर. आठ महिन्यांची असताना वडील गेले.
१९१६: आईला मनोरुग्णालयात ठेवलं. मुलगी पाच वर्षांची. आई १९३४ पर्यंत जिवंत होती, पण दोघींची पुन्हा भेट नाही.
१९४६: पहिला संग्रह.
१९५१: ब्राझील.
१९५६: पुलित्झर.
१९६१: लोताकडे रिओच्या फ्लामेंगो उद्यानाचं काम.
१९६४: ब्राझीलमध्ये लष्करी उठाव.
१९६५: 'क्वेश्चन्स ऑफ ट्रॅव्हल' हा संग्रह, लोताला अर्पण.
१९६७: लोताचा न्यूयॉर्कमध्ये मृत्यू.
१९७६: 'वन आर्ट' छापून आली.
१९७९: बिशपचा मृत्यू, बॉस्टन.

शेवटून दुसरी नोंद अधोरेखित करून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

या पानावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येते. या बाईला घर असं कधी नव्हतंच. नोव्हा स्कोशियात आजी-आजोबा, मग वूस्टर, मग मावशी, मग वसतिगृहं. पेट्रोपोलिसजवळच्या सामांबाइया इथे लोताने तिला घर दिलं आणि घरापासून थोडं वर, ओढ्याकाठी, लिहायची वेगळी खोली बांधून दिली. ज्याला आपण 'परदेशी राहणारी कवयित्री' म्हणतो तिला परदेशातच पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालं. आणि त्या टेबलावर बसून तिने काय लिहिलं? कॅनडातल्या आपल्या लहानपणाची गोष्ट. आईची किंकाळी गावावर तरंगत राहिलेली आहे, अशी सुरुवात असलेली.

चौथी पायरी: बघताना

चित्रपट दोन तासांना थोडा कमी आहे. सलग बघा, मध्ये थांबवून व्याख्यान देऊ नका. मी पहिल्यांदा दोनदा थांबवला आणि दोन्ही वेळा चहाची फर्माईश झाली.

कान मात्र उघडे ठेवा. लोताचं नाव इंग्रजी अक्षरांवरून आपण 'लोटा' वाचतो आणि हसू येतं. पोर्तुगीज 'त' दंत्य आहे, म्हणून लोता, मारिया कार्लोताचं लाडकं रूप. रिओची माणसं शब्दाच्या सुरुवातीचा 'र' घशातून 'ह'सारखा काढतात आणि शेवटचा 'स' 'श'कडे झुकवतात. त्यामुळे चित्रपटाचं नाव त्यांच्या तोंडी साधारण 'फ्लोरिश हाराश' असं ऐकू येतं. चावी, पगार, पाव, बटाटा, बादली हे आपल्याकडे याच भाषेतून आलेले शब्द. काजूचं झाड आणि 'काजू' हा शब्द तर ब्राझीलमधूनच पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरले. म्हणजे बिशपला जे बोंडू बाधलं त्याच्या नातेवाइकांची फेणी गोव्यात निघते.

दोन जागी लक्ष द्या. एक, केस धुण्याचं दृश्य. कविता वाचून गेलेल्यांना ते लगेच ओळखू येतं, इतरांना ते फक्त एक नाजूक प्रणयदृश्य वाटतं. दिग्दर्शकाने इथे कविता ऐकवण्याचा अट्टहास केला नाही यात त्याची समज दिसते. दुसरी, उद्यानाची दृश्यं. हे उद्यान समुद्रात भराव टाकून केलेलं आहे, त्यासाठी सांतु आंतोनियु ही टेकडी पाडून माती आणली. वास्तुरचना आफोंसो एदुआर्दो रेइदी यांची, झाडांची मांडणी रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांची, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी लोता, जिच्याकडे वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. रात्री चांदणं पडल्यासारखा उजेड हवा म्हणून तिने उंचच उंच दिव्यांचे खांब उभे करायला लावले. ते आजही तिथे आहेत. इंग्रजी नावातला चंद्र कुठून आला असेल, याचा अंदाज त्या खांबांकडे बघून करावा.

पाचवी पायरी: टिपणाशी ताडून बघा

मला सर्वात जास्त मजा इथे आली. चित्रपट खोटा आहे हे सिद्ध करायचं नाही, त्याने कुठे आणि कशासाठी सांधा बदलला ते शोधायचं आहे.

मेरीपासून सुरू करा. चित्रपटात मेरी ही बिशपची कॉलेजातली मैत्रीण आणि लोताची जोडीदार. बिशप येते आणि मेरीचं घर मोडतं. लोता आणि बिशप यांची पहिली भेटही तिथेच, ब्राझीलमध्ये. खऱ्या आयुष्यात बिशप या दोघींना १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्येच भेटली होती. मेरी मोर्स पुढे जवळच राहिली, तिने मूल दत्तक घेतलं, तिघींचं जाणंयेणं चालू राहिलं. पटकथेला त्रिकोण हवा होता, म्हणून ओळख नवी केली आणि जखम ताजी ठेवली. मला हा बदल फारसा खटकत नाही.

मला खटकतो तो 'वन आर्ट'चा वापर. चित्रपट सुरू होतो तेव्हा, ब्राझीलला जाण्याआधीच, बिशप न्यूयॉर्कमध्ये कवी रॉबर्ट लोवेलला या कवितेचा कच्चा तुकडा वाचून दाखवते. कविता अडलेली असते. मग लोता भेटते, लोता जाते, आणि शेवटी कविता पुरी होते. रचना सुबक आहे. पण तुमच्या पानावरची १९७६ ची नोंद बघा. ही कविता बिशपने १९७५ च्या शरद ऋतूत लिहायला घेतली, लोता जाऊन आठ वर्षं झाल्यावर. तेव्हा ती बॉस्टनला राहत होती आणि ॲलिस मेथफेसेल या दुसऱ्याच मैत्रिणीशी तिचं बिनसलं होतं. या कवितेचे १७ खर्डे वासर कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. पहिल्याचं शीर्षक 'वस्तू कशा हरवाव्यात' या अर्थाचं. त्यात चष्मा आहे, पेनं आहेत, आपण हरवण्यात किती तरबेज आहोत याची लांबलचक गद्य बडबड आहे, आणि निळे डोळे आहेत. निळे डोळे ॲलिसचे.

पक्क्या कवितेत डोळे उरले नाहीत. उरला एक थट्टेखोर आवाज आणि एक लकब. डोळे काढल्यामुळे ती 'तू' कुणीही होऊ शकली: ॲलिस, लोता, अगदी आईसुद्धा. तीन घरांपैकी दोन तर ब्राझीलमधलीच, आणि खंडही तिकडचाच. तेव्हा चित्रपटाने ही कविता लोताची ठरवली यात अर्धं खरं आहे, आणि आमचा वाद नेमका इथेच अडकला. माझं मत असं की १७ वेळा लिहून जी 'तू' मोकळी केली तिला पुन्हा एका चेहऱ्यात बसवणं हे कवितेवर थोडं अन्याय करणारं आहे. मावशीचं मत, "दोन तासांत १७ खर्डे कोण बघणार?"

राजकारणाचा भाग पटकन उरका, पण वगळू नका. लोताला उद्यानाचं काम दिलं ते तिचा मित्र, ग्वानाबारा राज्याचा गव्हर्नर कार्लोस लासेर्दा याने. १९६४ च्या उठावाला लासेर्दाचा सुरुवातीला पाठिंबा होता. लोताची माणसं याच वर्तुळातली, आणि बिशपनेही तेव्हाच्या पत्रांत उठावाची बाजू घेतली होती. १९६५ च्या निवडणुकीत लासेर्दाचा उमेदवार पडला आणि लोताचं उद्यानावरचं वजन ओसरत गेलं. बुर्ले मार्क्सशीही तिचं वाजलं. तिच्या खचण्याची कारणं केवळ प्रेमभंगात शोधू नयेत, एवढं कळण्यापुरता हा भाग हवा.

सहावी पायरी: चित्रपटानंतरची कविता

दुसऱ्या दिवशी, लगेच नाही, 'क्रूसो इन इंग्लंड' वाचा. लांब आहे, चहा घेऊन बसा. रॉबिन्सन क्रूसो म्हातारा होऊन इंग्लंडला परतला आहे. बेटावर असताना घराची आठवण येई, आता घरी बसून बेटाची येते. ज्या सुरीवर तिकडे जीव अवलंबून होता ती इथे फडताळावर पडून आहे, तिच्यातला जीव गेला आहे. स्थानिक संग्रहालयाला या वस्तू हव्या आहेत. कुणाला कशाला हव्यात, असं तो विचारतो. आणि शेवटी, सहज सांगितल्यासारखं, बेटावरचा त्याचा सोबती फ्रायडे गोवराने गेला त्याला येत्या मार्चात १७ वर्षं होतील.

ही कविता १९७१ सालची. बिशप अमेरिकेत परतली होती, लोता नव्हती. लोताचं नाव कवितेत कुठेही नाही. माझ्या मते लोतावरची खरी शोककविता ही आहे, आणि चित्रपटाने जिला हात लावला नाही तीही हीच.

आणखी वाचायची इच्छा झाली तर पत्रांकडे वळा. बिशप आणि लोवेल यांचा सगळा पत्रव्यवहार 'वर्ड्स इन एअर' या नावाने २००८ मध्ये निघाला. अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही, १९५२ पासूनची सामांबाइयाची पत्रं काढा. ढग खोलीत शिरतात, टूकन पक्षी पाळला आहे, स्वयंपाकिणीची तक्रार आहे. जूनमधल्या सांजांवच्या सणाला ब्राझीलमध्ये कागदी अग्निफुगे सोडतात, त्यावरची तिची 'द आर्मडिलो' ही कविता लोवेलला अर्पण केलेली आहे. गोव्यात त्याच दिवशी लोक विहिरींत उड्या मारतात. संत एकच, तिकडे आग, इकडे पाणी.

सातवी पायरी: अठरा ओळी मराठीत आणून बघा

प्रत्येकीने 'द शॅम्पू'चं भाषांतर करून आणायचं, असा आमचा शेवटचा स्वाध्याय होता. छापायचं नाही, फक्त कविता हाताला कशी लागते ते बघायचं.

पहिली अडचण 'डिअर फ्रेंड'ची. इंग्रजीत ती व्यक्ती बाई की पुरुष हे कळत नाही, आणि १९५५ मध्ये ते न कळणं बिशपच्या सोयीचं होतं. मराठीत 'मित्रा' म्हणा किंवा 'मैत्रिणी' म्हणा, पडदा उचललाच जातो. 'सखे' तर सगळंच सांगून टाकतो. 'तू उतावळी' म्हटलं तरी तेच. पण 'तू घाई केलीस' म्हटलं की क्रियापद 'घाई'च्या मागे जातं आणि 'तू' कोण ते झाकलेलं राहतं. झाकायचं की उघडायचं हे तुम्ही ठरवा. आमच्यात तिघींनी झाकलं, तिघींनी उघडलं.

दुसरी अडचण त्या पत्र्याच्या भांड्याची. मी 'घंगाळ' लिहून नेलं होतं, परसात न्हाऊ घालायच्या आठवणीने. मावशीने कागद परत केला. म्हणाली, घंगाळ तांब्याचं, ते चंद्रासारखं चमकेल कसं, ते लाल दिसतं. पोचे आलेलं आणि तरी पांढरं चमकणारं काय असतं? घमेलं.

घरी येऊन शब्दकोश उघडला. घमेलं, पोर्तुगीज 'गामेला'वरून.